क्रूझवरची टीप: कुणाला, किती, आणि नाही दिली तर काय?

ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच गावात बसून मी लोकांना समुद्रावरच्या सहली विकते. कधीकधी माझं मलाच हसू येतं. पण क्रूझला जाणारी मंडळी आता उदगीर, परळी, वसमत, अंबड अशी कुठूनही निघतात, आणि निघायच्या आठवडाभर आधी सगळ्यांचा प्रश्न एकाच गोष्टीवर येऊन थांबतो. व्हिसा नाही, मळमळ नाही. टीप! तेच तेच लिहून बोटं दुखली, म्हणून सगळं एका जागी मांडलंय. प्रश्न तुमच्याच शब्दांत आहेत, नावं तेवढी काढलीत. रुपयांचा हिशेब एक डॉलर ९० रुपये धरून केलाय. तुम्ही तुमच्या दिवशीचा भाव लावून घ्या.

१. तिकिटाचे पूर्ण पैसे भरलेत. मग ही ग्रॅच्युइटी कसली?

बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या तिकिटात केबिन, जेवण आणि करमणूक येते. काम करणाऱ्यांची टीप, म्हणजेच ही ग्रॅच्युइटी, त्यात नसते. ती माणशी, रात्रीमागे ठरलेल्या दरानं वेगळी लावतात आणि तुमच्या जहाजावरच्या खात्यात रोज आपोआप चढवतात. आपण हॉटेलात जेवण आवडलं तर बडीशेपेच्या ताटलीत वीस-पन्नास ठेवतो, तो खुशीचा मामला. क्रूझची टीप नावाला टीप, वागायला भाडं. म्हणून कोटेशन देतानाच मी ती बेरजेत धरते. जाहिरातीत फारच स्वस्त भाव दिसला तर खालची बारीक अक्षरं वाचा. ‘ग्रॅच्युइटी व पोर्ट चार्जेस वेगळे’ अशी ओळ बहुधा तिथे असतेच.

२. ग्रॅच्युइटी, सर्व्हिस चार्ज, क्रू ॲप्रिसिएशन... हे तीन वेगळे खर्च आहेत का?

नाही. कंपनी बदलली की नाव बदलतं. रोजच्या माणशी दरानं लागणारी रक्कम एकच असते. मात्र बार, स्पा आणि जादा पैसे घेणाऱ्या रेस्टॉरंटच्या बिलावर टक्केवारीनं लागणारा सर्व्हिस चार्ज निराळा. त्याचं उत्तर प्रश्न ९ मध्ये आहे. पोर्ट चार्जेस म्हणजे बंदराचा खर्च, त्याचा टीपेशी काही संबंध नाही.

३. आम्ही पाचजण आहोत, चार रात्री. अंदाजे किती धरू?

अमेरिकी कंपन्यांचा साध्या केबिनचा दर सध्या साधारण १६ ते २० डॉलर माणशी, दर रात्री असा आहे. स्वीट, म्हणजे मोठी महागडी केबिन, घेतली तर त्यावर आणखी दोन-तीन डॉलर, कधी त्याहूनही जास्त. मधला १८ धरू. पाच माणसं, चार रात्री, १८ डॉलर: झाले ३६० डॉलर, म्हणजे ३२,४०० रुपये. हा आकडा सांगितला की फोनवर पलीकडे शांतता पसरते. म्हणूनच तो आधी सांगते.

युरोपी कंपन्यांच्या तिथल्या फेऱ्यांवर हिशेब बहुधा युरोत असतो, सिंगापूरहून निघणाऱ्या गेंटिंग ड्रीम जहाजावर सिंगापूर डॉलरमध्ये. दर कंपनीनुसार आणि वर्षानुसार बदलतात, तेव्हा शेजाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी काय भरलं त्यावर जाऊ नका. तुमच्या बुकिंगच्या कागदावरची ओळ खरी.

४. लहान मुलांचीही टीप द्यावी लागते? माझा मुलगा दीड वर्षाचा आहे.

दीड वर्षाच्या बाळाची बऱ्याच कंपन्या घेत नाहीत. पण सूट दोन वर्षांपर्यंत की तीन, हे प्रत्येकीचं वेगळं आहे. त्यापुढच्या मुलाला अनेक ठिकाणी मोठ्या माणसाइतकाच दर लागतो, ‘अर्धं तिकीट’ ही एसटीतली सवय इथे चालत नाही. पाच वर्षांचं पोर दिवसभरात चार टॉवेल ओले करतं आणि गालिच्यावर आइस्क्रीम सांडतं. हे मी स्वतःच्या पोरावरून सांगतेय.

५. हा पैसा नक्की कुणाला जातो? कंपनीच खात असेल.

शंका बरोबर आहे, सगळ्यांनाच येते. ही रक्कम एका सामाईक गल्ल्यात जाते आणि तिथून वाटली जाते. केबिन आवरणारा, जेवणाच्या टेबलावरचा वेटर आणि त्याचा मदतनीस हे मुख्य वाटेकरी. शिवाय तुम्हाला कधीच न दिसणारे: कपडे धुणारे, बुफेची भांडी हलवणारे, रात्री मजले पुसणारे. वाटपाचं प्रमाण कंपनीपरत्वे वेगळं असतं. अशा कामगारांच्या हाती येणाऱ्या एकूण पैशात टीपेचा वाटा मोठा असतो, आणि त्या हिशेबानंच त्यांचा मूळ पगार कमी ठेवलेला असतो. ही पद्धत मला पटत नाही. पगार पूर्ण द्यावा, तिकीट तेवढं वाढवावं, विषय संपला. पण पद्धत मी ठरवत नाही.

कामाचं स्वरूपही बघा. सहा ते नऊ महिन्यांचा करार, आणि तेवढ्या काळात बहुतेकांना आठवड्याची सुट्टी नाही. २००६ चा सागरी कामगार करार २०१३ पासून लागू झाला, भारतानं तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यात २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती सांगितली आहे. आठवड्याचे तास १६८. विश्रांतीचा हा नियम पाळूनही ९१ तास काम करून घेता येतं, एवढं गणित तुम्हीच करून पाहा.

६. टीप आपल्या मर्जीची असते. मी काउंटरवर जाऊन काढून टाकली तर?

पुष्कळ कंपन्यांत काढता येते. गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जायचं, फॉर्म भरायचा किंवा तोंडी सांगायचं, ते कमी करतात किंवा पूर्ण काढतात. काही कंपन्या आणि काही देशांतून केलेली बुकिंगं मात्र अशी असतात, की सर्व्हिस चार्ज सक्तीचा असतो आणि त्याला हात लावता येत नाही. अटींमध्ये तसं लिहिलेलं असतं. आधीच भरलेली टीप परत मिळवायला वेगळी खटपट लागते (प्रश्न ७).

काढता येते म्हणून काढावी का, असं विचाराल तर माझं उत्तर नाही. आपल्याकडे पाडव्याला सालगड्याचं साल ठरतं. इतके रुपये, वर ज्वारीची इतकी पोती, दोन कपडे. वर्ष सरल्यावर मालक म्हणाला, रुपये दिलेत, ज्वारी माझ्या मर्जीची, तर गावात त्याला काय म्हणतील ते तुम्हाला ठाऊक आहे. क्रूझची टीप ही त्या करारातली ज्वारी आहे. केबिनवाल्यानं नोकरी धरली तीच ती धरून.

दुसरी एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. काहीजण म्हणतात, ‘गल्ल्यातली काढतो आणि आमची केबिन आवरणाऱ्या पोराला रोख देतो, म्हणजे त्यालाच मिळेल.’ अनेक जहाजांवर नियम असा आहे, की ज्या प्रवाशानं आपोआप लागणारी टीप काढली, त्याच्याकडून मिळालेली रोख कर्मचाऱ्यानं गल्ल्यात जमा करायची. म्हणजे त्याच्या हातात तुमचं पाकीट टिकेलच असं नाही, आणि पडद्यामागच्यांचा वाटा बुडतो तो वेगळाच.

७. आधीच भरून टाकावी की जहाजावर?

आधी भरा. बुकिंग आणि प्रवास यांच्यात सहा-आठ महिने असतात, मधल्या काळात दर वाढला तरी आधी भरलेल्यांना बहुधा जुन्याच दरात सोडतात. शिवाय परतीच्या सकाळी मोठं बिल पाहून घरात होणारी बोलाबोली टळते. आधी न भरण्याचं एकच कारण मला पटतं: प्रवास रद्द होण्याची दाट शक्यता आहे आणि पैसे अडकवायचे नाहीत. तशीही न झालेल्या प्रवासाची टीप कंपन्या सहसा परत करतात, फक्त पैसे यायला वेळ लागतो.

८. सेवा खरंच वाईट होती. तरीही द्यायची?

आधी हे सांगा, की तक्रार केव्हा केलीत? माझ्या पहिल्या क्रूझवर बाथरूमची मोरी तुंबली होती. आंघोळ केली की पाणी घोट्यापर्यंत. ‘परदेशी माणसांना काय सांगायचं’ म्हणून आम्ही दोघं दोन दिवस मुकाट कपड्यानं पाणी काढत राहिलो आणि तिसऱ्या दिवशी रागानं टीप काढायला काउंटरवर गेलो. बाईंनी विचारलं, कुणाला सांगितलं होतंत? कुणालाच नव्हतं. वीस मिनिटांत माणूस आला, केसांचा एवढा गुंता काढला, आणि पाणी सर्रकन गेलं. टीप काढायची गोष्ट मी पुन्हा काढली नाही.

तर पहिल्या दिवशीच सांगा. जैन जेवण मागितलं आणि मिळालं नाही, केबिन दुपारपर्यंत आवरली गेली नाही, कुणी उर्मट बोललं, तर त्याच दिवशी काउंटरवर, तारीख-वेळेसकट. सांगूनही सुधारणा झाली नाही तर रक्कम कमी करून मागायला काहीच हरकत नाही. मात्र पाऊस पडला, बंदर चुकलं, वाय-फाय रडत होतं, याची वसुली वेटरच्या टीपेतून करू नका. त्यातलं काहीच त्याच्या हातात नसतं.

९. बारच्या बिलावर १८ टक्के आधीच लागले होते, खाली पुन्हा ‘टीप’ची रिकामी ओळ. तिथे काय लिहायचं?

काही नाही. आडवी रेघ मारा आणि सही करा. यात बरेचजण फसतात. १२ डॉलरचा मॉकटेल घेतला, त्यावर १८ टक्के म्हणजे २.१६ डॉलर आपोआप चढले, बिल झालं १४.१६. खालची रिकामी ओळ ही त्याउपरच्या खुशीसाठी असते. ती पाहून लोकांना वाटतं टीप राहिलीच, आणि ते दोन-तीन डॉलर आणखी लिहून येतात. अर्धापूरच्या एका गृहस्थांनी सात रात्री हेच केलं. रोज चार बिलं, प्रत्येकावर दोन डॉलर: ५६ डॉलर, पाच हजार रुपयांच्या वर. आणि ते पीत नाहीत बरं का, लिंबूपाणीच घेत होते!

टक्का कुठे १८ असतो, कुठे २०. स्पामध्ये आणि जादा पैशांच्या रेस्टॉरंटमध्येही हीच रीत. ड्रिंक पॅकेज घेतलं असेल तर हा टक्का पॅकेज घेतानाच एकरकमी लागतो किंवा भावात धरलेला असतो, मग प्रत्येक ग्लासामागे वेगळा लागत नाही.

१०. आम्ही तर सगळं जेवण बुफेत घेतलं, आपापलं वाढून. मग वेटरची टीप का?

कारण ताट तुम्ही उचललं नाहीत. बुफेत ताटं आवरणारे, टेबल पुसणारे, डाळ संपली की नवं भांडं आणणारे हेही त्याच गल्ल्यातले वाटेकरी आहेत. शिवाय बऱ्याच जहाजांवर डायनिंग हॉलमधले वेटर सकाळी बुफेत उभे असतात, नुसता कोट बदलतात.

११. आपोआप लागणारी टीप भरली. वर रोख द्यायची का? द्यायची तर कुणाला, किती?

बंधन अजिबात नाही. न देता उतरलात तर कुणी तोंड वाकडं करणार नाही. द्यावीशी वाटली तर ज्यानं तुमच्यासाठी खास काही केलं त्याला द्या. सासूबाईंना गुडघ्याचा त्रास म्हणून ज्यानं रोज न सांगता खुर्ची आणून ठेवली, तो. दुसऱ्या दिवसापासून टेबलावर आपसूक हिरव्या मिरच्या आणून ठेवणारा, तो.

आकडा विचारालच, म्हणून सांगते. चार-पाच रात्रींच्या सहलीला केबिनवाल्याला १० ते २० डॉलर, जेवणाच्या टेबलावरच्या वेटरला तेवढेच, मदतनीसाला थोडे कमी. रूम सर्व्हिसनं खोलीत काही आणून दिलं तर दोन-तीन डॉलर हातात. हा माझा अंदाज आहे, नियम नव्हे. खिशाला जड जात असेल तर सोडून द्या.

पाकिटाचं सांगायचं तर, आपण आहेराची पाकिटं बॅगेत टाकतो, ती वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेली, लाल-सोनेरी. द्यायला देखणी दिसतात. पण आत १०१ चा हिशेब करून डॉलरची नाणी घालू नका. जहाजावरच्या माणसाला परदेशी नाणी बदलून मिळत नाहीत, ती त्याच्या ट्रंकेत पडून राहतात. नोटाच घाला, आणि पाकिटावर केबिन नंबर आणि दोन शब्द लिहा. मराठीत लिहिलंत तरी चालेल. आमच्या केबिनच्या फिलिपिनो मुलानं ‘धन्यवाद’ हा शब्द वाचून घेतला आणि उतरताना ‘दन्यावाद’ म्हणून हात जोडले.

केव्हा द्यायचं? शेवटच्या संध्याकाळी. उतरायच्या सकाळी ती माणसं पुढच्या प्रवाशांच्या तयारीत इतकी पळत असतात, की गाठच पडत नाही. काही चतुर मंडळी पहिल्या दिवशी थोडे देऊन ठेवतात, म्हणजे लक्ष राहतं. मला ते लाच दिल्यासारखं वाटतं, पण ते करणारे लोक खूश असतात हेही खरं.

१२. रोख रुपयांत दिली तर चालेल?

मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या जहाजांवर चालेल, तिथला व्यवहारच रुपयांचा. परदेशी फेरीवर नको. इंडोनेशियाच्या माणसाला पाचशेची नोट दिलीत तर ती तो बदलणार कुठे?

डॉलर सगळीकडे चालतात. फक्त दोन गोष्टी: मनी चेंजरकडे शंभराच्या नोटा मिळतात, त्याला एक, पाच, दहाच्या सुट्ट्या आवर्जून मागा. नाही मिळाल्या तर जहाजाच्या काउंटरवर सुट्टे करून देतात. आणि फाटकी, शाई लागलेली, शिक्का मारलेली नोट देऊ नका. आशियातल्या बऱ्याच शहरांत अशा डॉलरला कुणी हात लावत नाही.

१३. टूर कंपनीनं ‘टिप्स’ म्हणून माणशी पैसे आधीच घेतलेत. तरी खात्यात ग्रॅच्युइटी दिसतेय. डबल झालं का?

होऊ शकतं. कागद काढा आणि एकच प्रश्न लेखी विचारा: ‘टिप्स’ मध्ये जहाजाची ग्रॅच्युइटी धरली आहे की फक्त गाईड, ड्रायव्हर आणि टूर मॅनेजरची? आपल्याकडच्या ग्रुप टूरमध्ये हे दोन प्रकार सर्रास एकाच शब्दात कोंबतात. जहाजाची धरली असेल तर चढतानाच काउंटरवर बुकिंगचा कागद दाखवा, खात्यात पुन्हा चढली असेल तर ती काढून देतात. धरली नसेल तर ती तुम्हालाच भरायची आहे, मग टूर मॅनेजरशी भांडून उपयोग नाही. भांडण बुकिंगच्या वेळी करायचं असतं.

टूर मॅनेजरला वेगळं काही द्यायचं का, तर ते त्या रकमेत असेल तर नाही. नसेल आणि माणूस चांगला असेल तर ग्रुपनं मिळून द्यावं (प्रश्न १४).

१४. आमचा भिशीचा ग्रुप आहे, चौदा जणी. वर्गणी काढून एकदम देऊ का?

आपोआप लागणारी टीप प्रत्येकीच्या खात्यात आपापली चढणार, त्यात वर्गणीचा प्रश्न नाही. वरच्या खुशीसाठी वर्गणी काढायची तर दोन भाग करा. जेवायला रोज एकाच वेटरकडे बसत असाल तर त्याच्यासाठी चौदा जणींची मिळून एक वर्गणी, माणशी दोन डॉलर. केबिनवाल्याचं मात्र ज्या त्या केबिननं बघावं. सात केबिन असतील तर त्या तिघा-चौघांत वाटलेल्या असू शकतात, आणि एकीचा केबिनवाला टॉवेलचा हत्ती करून ठेवतो, दुसरीचा नाही. सगळ्यांचे पैसे एका पाकिटात घालून एकालाच दिले तर बाकीचे कोरडे राहतात. आणि हिशेब ज्या मैत्रिणीकडे द्याल तिला कागदावर लिहायला लावा. भिशी फुटते ती अशाच दोन-दोन डॉलरवरून.

१५. कॅप्टनला टीप देतात का?

नाही. अधिकाऱ्यांना देत नाहीत, ते अवघडल्यासारखं होतं. डॉक्टरांनाही नाही.

१६. पैशाऐवजी घरचा चिवडा किंवा शेंगदाण्याची चटणी दिली तर?

भावना चांगली आहे, पण अडचण आहे. बऱ्याच जहाजांवर घरी केलेलं अन्न चढवूच देत नाहीत, तपासणीत काढून घेतात. दुकानातलं पाकीटबंद, न फोडलेलं बहुधा चालतं. घेणारा ते खाईलच असं नाही. पोट बिघडलं तर त्याला ड्यूटीवरून बाजूला ठेवतात, म्हणून ही माणसं जपून असतात.

पैशाइतकीच किंवा थोडी जास्तच उपयोगी एक गोष्ट आहे आणि ती फुकट आहे: शेवटी जो अभिप्रायाचा फॉर्म येतो, कागदावर किंवा ईमेलवर, त्यात त्या माणसाचं नाव आणि विभाग लिहा. छातीवरच्या पट्टीवर नाव असतं, पहिल्या दिवशीच फोटो काढून ठेवा. अशा नावांची दखल बढतीच्या आणि पुढच्या कराराच्या वेळी घेतली जाते. पाकीट देऊन फॉर्म न भरणं हा अर्धवट कारभार आहे.

१७. आमचा वेटर मराठी निघाला! त्याला जास्त द्यायला नको का?

द्या की. पण थोडं भान ठेवून. रत्नागिरी, गोवा, मुंबईकडची मुलं जहाजांवर बरीच असतात, हल्ली आपल्याकडचीही दिसतात. मराठी ऐकलं की आपल्या मंडळींना काय होतं कोण जाणे. सगळ्यांसमोर ‘पगार किती रे?’ विचारतात, ‘बस आमच्यासोबत जेवायला’ म्हणून खुर्ची ओढतात, मग ‘आतून जरा एक्स्ट्रा काढ ना’ सुरू होतं. तो बसू शकत नाही. पाहुण्यांच्या केबिनमध्ये कामाशिवाय जाऊ शकत नाही. तुम्ही आग्रह केलात तर नाही म्हणायची पाळी त्याच्यावर येते, आणि बघणारे वरिष्ठ तिथेच असतात.

अंबाजोगाईच्या एक मावशी माझ्या ग्रुपमध्ये होत्या. त्यांनी त्या पोराला पहिल्या रात्री एवढंच विचारलं, ‘जेवलास का रे?’ तो म्हणाला, ‘अकरानंतर जेवतो मावशी, तुम्ही घ्या.’ पुढे रोज रात्री त्या आपलं ताट संपवून लवकर उठायच्या, टेबल मोकळं करून द्यायच्या. शेवटच्या दिवशी पाकीट इतरांइतकंच दिलं.

त्याचा मोबाईल नंबर मागू नका. द्यायचा असेल तर तो आपणहून देईल.

१८. जहाजातून उतरून फिरायला गेलो तर तिथल्या गाईड-ड्रायव्हरला?

जहाजाच्या टीपेत ते येत नाहीत. देशादेशाची रीत वेगळी. सिंगापुरात टीपेची प्रथा नाही, हॉटेलात बिलावर १० टक्के सेवाशुल्क आधीच असतं. जपानमध्ये देऊच नका, टेबलावर सोडलेले पैसे विसरलात म्हणून माणूस रस्त्यापर्यंत धावत येतो. अमेरिकेत गाईड-ड्रायव्हरला देणं गृहीत धरलेलं असतं, आणि रेस्टॉरंटमध्ये १५ ते २० टक्के. तिथल्या बंदरात बॅगा उचलणारे हमाल जहाजाचे नोकर नसतात, बॅगेमागे एक-दोन डॉलर लगेच हातात द्यायचे.

इजिप्तचं प्रकरण निराळं. लक्सर ते आस्वान या नाईलवरच्या बोटींवर पूर्ण कर्मचाऱ्यांसाठी शेवटी एकच पाकीट रिसेप्शनवर देतात, गाईडचं वेगळं. त्याशिवाय ‘बक्षीश’ मागणारे हात देवळाच्या दारापासून संडासापर्यंत भेटतात. बक्षिसी हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, तिकडेही तोच गेला. त्यामुळे निदान भाषेची अडचण येत नाही! खिशात छोट्या नोटा ठेवा, आणि नको असेल तिथे ‘ला शुक्रन’ म्हणून चालू लागा.

१९. केरळच्या हाऊसबोटीलाही हेच नियम?

नाहीत. अलप्पुळाच्या हाऊसबोटीवर साधारण तिघे असतात, चालवणारा, स्वयंपाकी आणि मदतनीस. आपोआप काही लागत नाही. उतरताना तिघांसमोर स्वयंपाक्याच्या किंवा चालकाच्या हातात पाचशे-हजार द्या आणि ‘तिघांचे’ असं स्पष्ट म्हणा.

२०. टीपच नसलेली क्रूझ असते का? कटकटच नको.

असते. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसनं २०१९ मध्ये वेगळी टीप बंद केली. तिथलीच मरेला आणि जर्मनांची माईन शिफ यांच्या भाड्यात ती धरलेली असते. रीजंट, सीबोर्न, सिल्व्हरसी या महागड्या कंपन्यांतही तसंच. पण तिथलं भाडं पाहिलंत की कटकट परवडली म्हणाल.

२१. खात्याला डेबिट कार्ड जोडलं तर चालतं?

चालतं, पण नका जोडू. जहाज रोजच्या खर्चाच्या अंदाजानं कार्डावर रक्कम अडवून ठेवतं. क्रेडिट कार्डात मर्यादा कमी दिसते एवढंच. डेबिटमध्ये मात्र तुमचे खरे पैसे अडकतात आणि उतरल्यावरही काही दिवस सुटत नाहीत. जालन्याच्या एका जोडप्याला परतताना विमानतळावर जेवणाचे पैसे द्यायला कार्ड चाललं नाही, ते यामुळेच. क्रेडिट कार्ड नसेल तर रोख अनामत ठेवता येते, उरलेली शेवटी परत मिळते. कार्डावर परकीय चलनाचा आकार साधारण २ ते ३.५ टक्के लागतो, तो वेगळा धरा. आणि ‘रुपयांत पैसे घेऊ का?’ असं मशीननं विचारलं तर नाही म्हणा, तो भाव महाग पडतो.

२२. शेवटच्या सकाळी दाराखाली बिल आलं आणि त्यात टीप जास्त दिसली. आता?

सकाळपर्यंत थांबूच नका. आदल्या संध्याकाळी टीव्हीवर, ॲपवर किंवा काउंटरवर खातं बघता येतं. जेवणानंतर जा, तेव्हा रांग लहान असते. तपासायच्या गोष्टी तीनच: माणसं गुणिले रात्री गुणिले दर एवढीच ग्रॅच्युइटी लागली आहे ना, आधी भरलेली पुन्हा चढली नाही ना, आणि ज्या बाळाला सूट होती त्याचं नाव यादीत नाही ना. चूक असेल तर जहाजावरच दुरुस्त होते, घरी आल्यावर ईमेलची ये-जा महिनाभर चालते. बिलाचा फोटो काढून ठेवा आणि मलाही पाठवा.